साथीचे वाद्य पुढे येते

गाण्याच्या मैफलीला आपण जातो तेव्हा आपली नजर गवयावर असते. तबलजी एका बाजूला, पेटीवाला दुसऱ्या बाजूला. पेटीवाल्याने गवयाचा सूर भरून काढावा, तो श्वास घेईल तेवढ्या अवकाशात त्याची जागा धरून ठेवावी आणि पुन्हा मुकाट्याने मागे सरावे, अशी रीत आहे. साथ उत्तम झाली की लोक गवयाची वाहवा करतात. साथ बिघडली की मात्र सगळे पेटीवाल्याकडे वळून बघतात.

आता अशी कल्पना करा, की मैफल ऐन रंगात आली आहे आणि गवई थांबला, तबलजीही थांबला. पेटीवाला एकटाच वाजवू लागला, आणि दोनचार आवर्तने वाजवून उरकले असेही नाही. चांगला पाव हिस्सा वेळ त्याने एकट्याने घेतला. आपल्याला काय वाटेल? कुणी म्हणेल, हा आगाऊपणा झाला. कुणी पुढे सरकून कान देईल. पाश्चात्त्य संगीतात असा प्रकार सुमारे ३०० वर्षांपूर्वी एका रचनेत घडला, आणि तो कुणा वादकाच्या लहरीने घडला नव्हता. रचनाकाराने ठरवून, एकेक सूर कागदावर लिहून तो घडवला होता. रचनाकार होता योहान सेबास्टियन बाख, रचना होती त्याचा पाचवा ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टो, आणि साथीच्या जागेवरून उठून पुढे आलेले वाद्य होते हार्पसिकॉर्ड. हे कसे घडले आणि त्यामुळे काय बदलले, ते आपण ह्या लेखात पाहू.

आधी कॉन्चेर्टो म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. शब्द इटालियन आहे. इटालियनमध्ये त्याच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा अर्थ एकमेकांशी जुळवून घेणे असा होतो. पण ज्या लॅटिन शब्दाशी त्याचे नाते आहे त्याचा अर्थ झगडणे, चढाओढ करणे असा आहे. सलोखा आणि झुंज एकाच शब्दात नांदताहेत म्हणा ना! सतराव्या शतकाच्या आरंभी हा शब्द बराच सैल होता. गायक आणि वादक मिळून जे संगीत सादर करीत त्यालाही कॉन्चेर्टो म्हणत. शतक संपता संपता मात्र त्याचा अर्थ आवळत गेला. एका बाजूला एक किंवा मोजके वादक, दुसऱ्या बाजूला उरलेला सगळा वाद्यवृंद, आणि ह्या दोघांमधले संभाषण ते कॉन्चेर्टो, असे ठरत गेले. युरोपच्या संगीताचा १६०० ते १७५० हा जो काळ, त्याला बरोक काळ म्हणतात. कॉन्चेर्टो हे त्या काळाचे एक मोठे अपत्य.

रोममध्ये आर्कांजेलो कोरेल्ली नावाचा थोर व्हायोलिनवादक होऊन गेला. जन्म १६५३, मृत्यू १७१३. त्याने दोन व्हायोलिने आणि एक चेलो असा तिघांचा छोटा गट पुढे बसवला आणि बाकीची तंतुवाद्ये मागे ठेवली. छोटा गट काही वाजवतो, मोठा गट त्यात मिसळतो, पुन्हा बाजूला होतो. मूळ सुरावट बहुधा एकच. ती कधी तिघांच्या तोंडून येते, कधी सगळ्यांच्या. ढगांची सावली शेतावरून सरकत जावी तसा हा छायाप्रकाशाचा खेळ चालतो. कोरेल्लीचे असे १२ कॉन्चेर्टो त्याच्या मृत्यूनंतर, १७१४ मध्ये, अ‍ॅम्स्टरडॅम येथे छापून निघाले. हा नमुना पुढे युरोपभर गेला.

दुसरा नमुना व्हेनिसचा, आणि तो अधिक तडफदार. आंतोनिओ विवाल्दी हा पेशाने धर्मगुरू. १७०३ पासून तो व्हेनिसमधल्या पिएता नावाच्या अनाथाश्रमात मुलींना व्हायोलिन शिकवीत होता. त्याच्या १२ कॉन्चेर्टोंचा एक संग्रह १७११ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमलाच छापला गेला आणि हां हां म्हणता सगळीकडे पसरला. विवाल्दीच्या कॉन्चेर्टोची बांधणी एका साध्या युक्तीवर उभी असते. तिला इटालियनमध्ये रिटोर्नेलो म्हणतात, म्हणजे परत परत येणारा भाग. आपल्या अभंगात धृपद येते ना, तसेच हे. सुरुवातीला सगळा वाद्यवृंद मिळून एक ठसठशीत सुरावट वाजवतो. मग एकल वादक आपले म्हणणे मांडतो. पुन्हा वाद्यवृंद धृपदाचा एखादा तुकडा वाजवतो. पुन्हा एकल वादक. असे करत करत शेवटी धृपद येते आणि रचना संपते.

आपल्या धृपदात आणि ह्या रिटोर्नेलोत एक मोठा फरक आहे, तोही ध्यानात घ्यावा. आपल्याकडे तानपुरा एकदा जुळवला की षड्ज हलत नाही. सगळा प्रवास त्या एका षड्जाभोवती. तिकडे मात्र मधल्या काळात खुद्द षड्जच घर बदलतो. पंचमाला षड्ज मानून थोडा वेळ गातात, मग धैवताला, मग गांधाराला, आणि शेवटी मूळ घरी परततात. धृपदाचा तुकडा दर वेळी कुठल्या घरात ऐकू आला, यावरून आपण प्रवासात कुठे आहोत हे श्रोत्याला कळते. मैलाचे दगड म्हणा हवे तर. ह्या दगडांच्या आधाराने एकल वादकाला कितीही भटकायची मोकळीक मिळते, कारण परतीची वाट कुणी विसरणार नसते. आपली पुढची सगळी गोष्ट ह्या मोकळिकीची आहे.

बाख त्या वेळी जर्मनीतल्या वायमार येथे दरबारी नोकरीत होता. १७०८ ते १७१७ ही त्याची तिथली वर्षे. दरबारातला तरुण राजपुत्र योहान अर्न्स्ट हा संगीताचा वेडा होता. हॉलंडमधल्या उट्रेख्टला शिकायला गेला होता तो १७१३ मध्ये परत आला, आणि येताना नव्या संगीताच्या प्रती घेऊन आला. त्याच सुमारास बाखने विवाल्दीचे अनेक कॉन्चेर्टो घेतले आणि ते ऑर्गन व हार्पसिकॉर्ड ह्या कळांच्या वाद्यांसाठी नव्याने लिहून काढले. ह्या कामाचे मोल फार. मूळ रचनेत एक व्हायोलिन पुढे आणि दहा-पंधरा वाद्ये मागे. बाखच्या प्रतीत तो सगळा संसार एका माणसाच्या दोन हातांत आला. एका कळपट्टीवर एकल वादकही आपणच आणि वाद्यवृंदही आपणच! पाचव्या ब्रँडेनबर्गचे बी मला इथे दिसते. कळांच्या वाद्यात केवळ साथ देण्यापेक्षा जास्त बळ आहे, हे बाखच्या बोटांनी तेव्हाच ओळखले होते.

१७१७ मध्ये बाखला क्योथेनच्या दरबाराकडून बोलावणे आले. वायमारचा मालक त्याला सोडायला तयार होईना. बाखने फारच नेट धरला तेव्हा त्याला ६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर असे जवळजवळ चार आठवडे कैदेत ठेवले आणि मग नाराजीने मोकळे केले. त्या काळी संगीतकार म्हणजे दरबारचा चाकर, हे ह्या एका गोष्टीवरून कळावे. क्योथेनचा राजपुत्र लिओपोल्ड मात्र निराळा होता. तो स्वतः व्हायोलिन, व्हायोला द गांबा आणि हार्पसिकॉर्ड वाजवीत असे. १७१३ मध्ये प्रशियाचा नवा राजा फ्रीडरिश विल्हेल्म पहिला ह्याने खर्च वाचवण्यासाठी बर्लिनचा दरबारी वाद्यवृंद मोडला, तेव्हा बेकार झालेल्यांपैकी चांगले चांगले वादक क्योथेनने उचलले होते. शिवाय हा दरबार कॅल्व्हिन पंथाचा, त्यामुळे चर्चमध्ये वाद्यांचा थाटमाट नसे. साहजिकच बाखचे लक्ष निखळ वाद्यसंगीताकडे गेले. त्याचा वार्षिक पगार ४०० थालर होता.

१७१९ च्या मार्च महिन्यात दरबाराच्या हिशेबात एक खर्च पडला आहे: बर्लिनला बनवलेले हार्पसिकॉर्ड आणि प्रवासखर्च यांसाठी बाखला १३० थालर. म्हणजे त्याच्या वर्षाच्या पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. नवे कोरे, भारी किमतीचे वाद्य, आणि ते वाजवायला बाख. पाचवा कॉन्चेर्टो ह्याच वाद्याला समोर ठेवून लिहिला असावा असे जाणकार मानतात, आणि ते पटण्यासारखे आहे.

हे हार्पसिकॉर्ड म्हणजे काय, तेही सांगायला हवे. दिसायला ते लहानशा पियानोसारखे, कळाही तशाच. पण पियानोत हातोडी तारेवर आपटते, तर हार्पसिकॉर्डमध्ये पक्ष्याच्या पिसाचा एक बारीक काटा तार छेडतो. सतारीची नखी आठवा. त्यामुळे आवाज स्वच्छ, चमकदार, पण लवकर विरणारा. आणि कळ जोरात दाबा की हळू, आवाज सारखाच. व्हायोलिनसारखा सूर फुलवता येत नाही, बासरीसारखा लांबवता येत नाही. अशा वाद्याला बरोक काळाने एक काम नेमून दिले होते: खालच्या पट्टीतले खर्जाचे सूर चेलोबरोबर वाजवायचे, आणि त्या सुरांखाली जे आकडे लिहिलेले असतील ते पाहून उजव्या हाताने त्यांवर शोभतील असे स्वरमेळ भरायचे. हे स्वरमेळ लिहून दिलेले नसत, जागच्या जागी सुचावे लागत. काम कौशल्याचे, पण पडद्यामागचे. त्या काळात हार्पसिकॉर्डवाचून वाद्यवृंद क्वचितच बसे, आणि त्याच्याकडे मुद्दाम कान देऊन ऐकणारेही क्वचितच असत.

आता कॉन्चेर्टोकडे वळू. बाखने पुढे तिघांना बसवले आहे: बासरी, व्हायोलिन आणि हार्पसिकॉर्ड. ही बासरी आडवी धरून वाजवायची, आणि जर्मनीत तेव्हा ती नवलाईची होती. ह्याच संचातल्या दुसऱ्या आणि चौथ्या कॉन्चेर्टोत बाखने जुन्या पद्धतीची, उभी धरायची बासरी घेतली आहे. मागच्या गटात एक व्हायोलिनचा भाग, एक व्हायोलाचा, चेलो आणि त्याहून खर्जातले व्हिओलोने. बारकाईने पाहणाऱ्याला इथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. एरवी अशा गटात व्हायोलिनचे दोन भाग असतात, इथे एकच. कारण काय असावे? बाखला वाद्यवृंदात बसून व्हायोला वाजवणे आवडे, असे त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे. इथे बाख स्वतः हार्पसिकॉर्डपाशी जाऊन बसला, त्याची व्हायोलाची जागा दुसऱ्या व्हायोलिनवाल्याने घेतली आणि व्हायोलिनचा एक भाग कमी झाला, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. म्हणजे पुढे येणारे केवळ वाद्य नव्हते. गटाच्या मधोमध बसणारा माणूसही त्याच्याबरोबर उठला होता.

रचनेचे तीन भाग आहेत. पहिला भाग जलद, डी मेजर ह्या स्वरसप्तकात. सुरुवातीलाच रिटोर्नेलो येतो: सा, ग, प अशा पायऱ्या चढत, प्रत्येक सूर दोनदोनदा वाजवत जाणारी, उत्साहाने भरलेली सुरावट. हार्पसिकॉर्ड ह्या वेळी काय करते? नेहमीचेच, आकडे पाहून मागे साथ. आठ बार झाले की वाद्यवृंद ओसरतो. (बार म्हणजे लिहिलेल्या संगीताचे उभ्या रेघांनी पाडलेले समान मात्रांचे खंड.) मग बासरी आणि व्हायोलिन मृदू, जोडसुरांची नवी गोष्ट सांगू लागतात, आणि त्याच क्षणी हार्पसिकॉर्डचा उजवा हात त्यांच्यात सामील होतो. आता त्याच्या पुढ्यात आकडे नसून बाखने लिहिलेली सुरावट आहे. तोच वादक, तेच बाक, पण घडीत साथीदार आणि घडीत मुख्य पात्र. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही, इतके ते सहज घडते.

पुढे रिटोर्नेलोचे तुकडे येत राहतात, पण एकदाही तो संपूर्ण येत नाही. दोन बार वाजतात न वाजतात तोच एकल वादक मध्ये बोलतात. मध्यावर गांधाराला षड्ज मानलेला एक अतिशय शांत प्रदेश आहे. तिथे बासरी आणि व्हायोलिन लहान लहान तुकडे एकमेकांकडे टाकतात आणि मागची वाद्ये अगदी हळू ठोका धरून असतात. त्यानंतर हार्पसिकॉर्डचे बळ वाढू लागते. बासरी आणि व्हायोलिन लांब सूर धरून असताना त्यांच्याखाली त्याच्या वेगवान ताना सुरू होतात. आतापर्यंत त्यांच्या बोलण्याला हे मागून दुजोरा देत होते. आता त्यांचे सूर ह्याच्या तानांना आधार देऊ लागतात. कोण कुणाची साथ करतो आहे, ते सांगणे अवघड होते. आणि मग १५४ व्या बारापाशी एकेक करून सगळे थांबतात. बाखने तिथे इटालियनमध्ये लिहून ठेवले आहे, की आता हे वाद्य एकटे, इतर वाद्यांवाचून.

पुढचे ६५ बार हार्पसिकॉर्ड एकटे वाजते. पहिल्या भागाचे एकूण बार २२७; म्हणजे पाव हिश्श्याहून जास्त. सुरुवात घाईची नाही. एकल वादकांची जी ओळखीची सुरावट, तीच दोन हात आपसांत गुंफत जातात, एखाद्या विचारी माणसाने ऐकलेल्या गोष्टी मनात पुन्हा घोळवाव्यात तशा. मग सूर बारीक होत जातात, वेग चढतो, हात कळपट्टीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावू लागतात, मधूनच भलत्याच अनोळखी स्वरमेळांकडे वळतात. श्रोत्याला वाटते, हा आता परत येणार की नाही? अखेर खर्जात पंचम घट्ट धरला जातो. पंचम धरला की षड्जाची आस लागते, हे आपल्या कानांना सांगायला नको. ती आस बाख ताणतो, आणखी ताणतो, आणि आता पुरे असे वाटते त्याच क्षणी सगळा वाद्यवृंद रिटोर्नेलो घेऊन कोसळतो. समेवर टाळी पडावी तसे होते. आणि ह्या वेळी रिटोर्नेलो संपूर्ण येतो, सुरुवातीला होता तसाच्या तसा.

काही टीकाकार म्हणतात, हा प्रसंग म्हणजे वादकाच्या कसरतीचे प्रदर्शन. सोबतच्या दोघांना गप्प बसवून एकाने मैदान मारले. आक्षेप अगदीच पोकळ नाही. ह्या रचनेची एक आधीची प्रतही उपलब्ध आहे. तिच्यात हा एकट्याचा भाग १८ बारांच्या आसपास आहे. म्हणजे मुळात तो आटोपशीर होता आणि बाखने तो पुढे तिप्पटीहून अधिक वाढवला. हौस भागवायची तर १८ बार पुरेसे होते. मग ६५ कशाला?

माझे म्हणणे असे, की लांबी हाच इथे अर्थ आहे. १८ बारांत साथीदाराला दाद मिळते आणि तो परत आपल्या जागी जातो. रचनेची व्यवस्था होती तशीच राहते. ६५ बारांत श्रोता वाद्यवृंदाला विसरू लागतो. मघाशी मी म्हटले ते मैलाचे दगड इथे नाहीत. वाट एकट्या हार्पसिकॉर्डने काढायची आहे. ती वाट काढून, सगळ्यांना मूळ षड्जाच्या दारात आणून सोडण्याचे काम ते करते. आतापर्यंत वाद्यवृंदाला जो रिटोर्नेलो एकदाही पुरा करता आला नव्हता, तो ह्यानंतरच पुरा होतो. मागे बसून आकडे वाचणाऱ्यालाच सगळ्या घराची वाट पाठ होती, कारण एकूण एक स्वरमेळ त्याच्याच हातून जात असे. बाखने केले ते इतकेच, की त्याला बोलू दिले, आणि मध्येच थांबवले नाही.

ह्या मतास आधार पुढच्या दोन भागांत मिळतो. एकट्यानेच मैदान मारायचे असते तर बाखने पुढेही हार्पसिकॉर्डलाच डोक्यावर घेतले असते. दुसऱ्या भागाच्या माथ्यावर त्याने लिहिले आहे 'अफेत्तुओसो', म्हणजे भाव ओतून वाजवा. धैवताला षड्ज मानलेला, बी मायनरचा हा संथ भाग. इथे मागचा गट पूर्ण गप्प. बासरी, व्हायोलिन आणि हार्पसिकॉर्ड एवढेच तिघे, एखाद्या घरात दिवेलागणीनंतर हलक्या आवाजात बोलत बसल्यासारखे. एक जण सुरुवात करतो, दुसरा तेच शब्द जरा फिरवून बोलतो, तिसरा ऐकतो. हार्पसिकॉर्ड कधी बोलणारा आहे तर कधी आकड्यांवरून साथ करणारा. मघाशी ज्याने ६५ बार घेतले, तोच इथे पुन्हा साथीला बसतो, आणि त्यात त्याला कमीपणा नाही.

तिसरा भाग पुन्हा जलद, नाचाच्या ठेक्यातला. व्हायोलिन एक उड्या मारणारी सुरावट सुरू करते, तीच घेऊन बासरी येते, मग हार्पसिकॉर्ड, आणि मग सगळा वाद्यवृंद. पाठशिवणीचा खेळ जणू. पहिल्या भागात पुढचे आणि मागचे असे दोन पक्ष स्पष्ट होते. इथे सगळ्यांच्या तोंडी एकच सुरावट आहे. लॅटिनमधली झुंज आणि इटालियनमधला सलोखा, दोन्ही अर्थ एकाच रचनेत असे पुरे झाले.

आता ह्या रचनेचे पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. ब्रँडेनबर्गचा मार्गग्राफ क्रिस्टियान लुडविग हा प्रशियाच्या राजाचा चुलता. तो बर्लिनला राहत असे. त्याने एकदा बाखचे वादन ऐकून काही रचना पाठवायला सांगितले होते. २४ मार्च १७२१ ह्या तारखेचे फ्रेंच भाषेतले अर्पणपत्र जोडून बाखने सहा कॉन्चेर्टो स्वतःच्या सुंदर हस्ताक्षरात लिहून त्याच्याकडे धाडले. अर्पणपत्राची भाषा अतिनम्र, चाकराने धन्याला लिहावी तशी, आणि शेवटी आपल्या सेवेची संधी मिळावी अशी इच्छा. १७३४ मध्ये मार्गग्राफ वारला. त्याच्या मालमत्तेची मोजदाद झाली तेव्हा कॉन्चेर्टोंची बाडे ढिगाने मोजली गेली आणि किंमत लावली एका कॉन्चेर्टोला चार ग्रोशेन. २४ ग्रोशेनांचा एक थालर. ह्या भावाने सहाही कॉन्चेर्टोंचे मोल एक थालर होते! यादीत बाखचे नावसुद्धा नाही. ज्या हार्पसिकॉर्डसाठी १३० थालर मोजले, त्यावर वाजवायच्या रचनेची ही किंमत.

तरीही बाड हरवले नाही, हे आपले भाग्य. बाखचा शिष्य किर्नबर्गर, त्याच्याकडून प्रशियाची राजकन्या अ‍ॅना अमालिया, आणि तिच्या संग्रहाबरोबर बर्लिनचे ग्रंथालय, असा त्याचा प्रवास झाला. तिथे १८४९ मध्ये झीगफ्रीड डेन ह्या ग्रंथपालाच्या ते नजरेस पडले आणि १८५० मध्ये, म्हणजे बाखच्या मृत्यूला बरोबर १०० वर्षे होत असताना, सहा कॉन्चेर्टो प्रथम छापले गेले. 'ब्रँडेनबर्ग' हे नावही बाखने दिलेले नाही. त्याचा चरित्रकार फिलिप श्पिट्टा ह्याने ते १८७० नंतरच्या दशकात रूढ केले.

पण कागद कपाटात पडून राहिला तरी त्यातला विचार बाखच्या डोक्यात होता. १७२३ मध्ये तो लाइपझिगला गेला आणि तिथे १७२९ पासून एका विद्यार्थी-वाद्यवृंदाची धुरा त्याने घेतली. हा वृंद एका कॉफीगृहात वादन करीत असे. १७३८ च्या सुमारास बाखने हार्पसिकॉर्ड एकटे पुढे आणि वाद्यवृंद मागे असे कॉन्चेर्टो आपल्या हाताने एकत्र लिहून काढले. त्याच्या मुलांनी हा प्रकार पुढे नेला. धाकटा मुलगा योहान क्रिस्टियान ह्याने लंडनमध्ये असे कॉन्चेर्टो लिहिले, आणि त्याचे ऋण लहानग्या मोझार्टने घेतले. मोझार्ट, बेथोवेन यांचे पियानो कॉन्चेर्टो आज जगभर वाजतात. त्यांत मधेच वाद्यवृंद थांबतो आणि पियानोवादक एकटा वाजवू लागतो, तेव्हा कुणाला नवल वाटत नाही. साथीच्या वाद्याने पुढे येऊन बसावे, ही गोष्ट इतकी सवयीची झाली आहे.

विसाव्या शतकात ही रचना लोकांच्या कानांवर आली ती बहुतांशी ध्वनिमुद्रिकांमधून. १९३५ मध्ये आडोल्फ बुश ह्याच्या संचाने सहाही कॉन्चेर्टो मुद्रित केले, तेव्हा पाचव्यात रुडॉल्फ सेर्किन पियानोवर बसला होता. पुढे हार्पसिकॉर्ड परत आले, जुन्या बनावटीच्या वाद्यांवर वाजवण्याची चालही पडली. दोन्ही तऱ्हा ऐकून पाहाव्यात. पियानोवर तो लांबचा भाग भारदस्त वाटतो. हार्पसिकॉर्डवर मात्र एक वेगळी गोष्ट जाणवते: आवाजाने लहान असलेले वाद्य बोलू लागले म्हणून बाकी सगळ्यांना गप्प व्हावे लागले, हे तिथेच नीट कळते.

वाचकहो, ही रचना ऐकायचा योग आलाच तर पाश्चात्त्य संगीताचे ज्ञान नाही म्हणून बिचकू नका. साधारण वीस-बावीस मिनिटांचा कारभार आहे. सुरुवातीची सा-ग-प अशी चढणारी सुरावट मनात पक्की करा आणि ती पुन्हा कधी कधी येते ते मोजत राहा. दुसरे, पहिल्या दोन मिनिटांत बासरी आणि व्हायोलिन यांच्यावरचे लक्ष मुद्दाम काढून मागे जे तारांचे किणकिणणे चालू आहे, त्याच्यावर ठेवा. तसे केलेत तर पुढे सगळी वाद्ये थांबतील तेव्हा तुम्ही दचकणार नाही. हा आता बोलणार, हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल. आणि पुढच्या खेपेला आपल्याकडच्या मैफलीत बसाल, तेव्हा गवई श्वास घेईल त्या क्षणी पेटी काय म्हणते आहे, तेही जरा कान देऊन ऐका.